एका दिवसाचं पाणी, एका वर्षाचं तांबं

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास असते. शहराला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची नावं, सात आकडे. काठोकाठ भरले तर तुळशी ८,०४६, विहार २७,६९८, मोडक सागर १,२८,९२५, तानसा १,४५,०८०, मध्य वैतरणा १,९३,५३०, अप्पर वैतरणा २,२७,०४७ आणि भातसा ७,१७,०३७. सगळे दशलक्ष लिटरमध्ये. जून सरत आला की मुंबईकर ही चौकट घोड्यांच्या शर्यतीच्या निकालासारखी वाचतो, आणि ‘तानसा भरून वाहू लागला’ अशी बातमी आली की चहाचा पुढचा घोट निवांत घेतो. पण दशलक्ष लिटर म्हणजे नेमकं किती, असं विचारलं तर त्याची पंचाईत होते. माझीही होत असे. लाख रुपये डोळ्यांपुढे येतात, लाखाची सभा येते. दशलक्ष लिटर काही केल्या येत नाहीत.

यावरचा उपाय मला शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मिळाला. एप्रिलचे दिवस होते, विहिरीच्या कठड्यापाशी हंडे रांगेत ठेवलेले, टँकर यायचा होता. बसल्या बसल्या मी तानसाचा आकडा सांगून माझं ज्ञान पाजळलं. शेजारी बसलेल्या आजींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “त्ये तुझं लिटर ऱ्हाऊ दे बाबा. हंडं किती व्हतील?”

हंडा पंधरा लिटरचा धरू. भरलेला तानसा म्हणजे १४,५०८ कोटी लिटर. भागिले पंधरा, ९६७ कोटी हंडे. पृथ्वीवर माणसं आहेत ८१६ कोटींच्या आसपास. म्हणजे तानसातून जगातल्या प्रत्येक माणसाच्या, तान्ह्या पोरासकट, डोक्यावर एकेक हंडा चढवता येईल. उरतील १५१ कोटी. त्यातून भारतातल्या प्रत्येकाला दुसरा हंडा द्या. तरीही सहाएक कोटी शिल्लक राहतात, निम्म्या महाराष्ट्राला तिसरा हंडा देता येईल इतके. आणि हेच हंडे एका ओळीत मांडले, प्रत्येकाला फूटभर जागा दिली, तर ती रांग चंद्रापर्यंत साडेसात वेळा पोचेल. आजींना मी चंद्राचं सांगितलं नाही. त्यांची रांग विहिरीपर्यंतचीच होती आणि ती त्यांना पुरेशी लांब वाटत होती.

हा तानसा सातांमधला चौथ्या क्रमांकाचा तलाव. भातसात असे जवळपास पाच तानसा मावतात.

मुंबई रोज किती पिते? पालिका ३,८५० ते ३,९५० दशलक्ष लिटरचा आकडा देते. मी खालचा घेतो. सेकंदाला ४४,५६० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर, दर सेकंदाला, रात्री तीन वाजतासुद्धा. दिवसाचे ३ लाख ८५ हजार टँकर. ते खरोखरच रस्त्यावर आणले आणि एकामागे एक चिकटून उभे केले, प्रत्येकी आठ मीटर, तर ओळ तीन हजार किलोमीटरच्या पुढे जाते. मुंबईतल्या लोकांच्या आंघोळी उरकण्यासाठी रोज शहापूरजवळच्या आसनगावपासून कन्याकुमारीपर्यंत आणि तिथून परत बऱ्याच वाटेपर्यंत टँकर उभे करावे लागतील. त्याऐवजी काम भागतं ते नळांवर आणि बोगद्यांवर. तानसा-वैतरणेचं पाणी तर उपसावंही लागत नाही. उंचावरून उताराला लागतं आणि स्वतःच्या वजनाने भांडुपला येतं. भातसाचं मात्र पिसे इथे नदीतून उचलावं लागतं.

वजनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पाण्याचा एक गुण असा की लिटरचा किलो करायला गणित लागत नाही. ३,८५० दशलक्ष लिटर म्हणजे ३८ लाख ५० हजार टन. हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा मला वाटलं, हा आपण नुकताच कुठेतरी वाचलाय. शोधलं तर जवळपास तोच आकडा आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणींच्या आकडेवारीत निघाला.

काँगो आणि झांबिया हे शेजारी. काँगो म्हणजे किन्शासावाला मोठा काँगो, झाईर म्हणायचे तो. दोघांची सीमा तांब्याच्या एकाच पट्ट्याला मधोमध कापत जाते. अलीकडे कोल्वेझी, लिकासी, लुबुम्बाशी. पलीकडे चिंगोला, किटवे, न्डोला. दगड तोच, मातीचा लालसरपणा तोच, अनेक ठिकाणी बोलीही तीच. रेघ मात्र युरोपातल्या माणसांनी नकाशावर ओढलेली. २०२४ साली काँगोने ३१ ते ३३ लाख टन तांबं काढलं आणि झांबियाने ७ ते ८ लाख टन. कोणाची आकडेवारी धरता त्यावर थोडं इकडेतिकडे होतं, पण बेरीज ३९-४० लाखांच्या आसपासच राहते.

म्हणजे दोन देश, त्यांतला एक क्षेत्रफळाने भारताच्या दोन-तृतीयांशाहून मोठा, वर्षभर जमीन खोदून जेवढ्या वजनाचं तांबं बाहेर काढतात, जवळपास तेवढ्या वजनाचं पाणी मुंबईला आज सूर्योदयापासून उद्याच्या सूर्योदयापर्यंत लागतं. विहार-तुळशी मुंबईतलेच, त्यांचा वाटा जेमतेम शंभर दशलक्ष लिटरचा. बाकी सगळं शहापूर आणि त्याच्या शेजारच्या वाडा, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांतून. तानसा आणि भातसा शहापूरचीच.

तांबं असं शुद्ध स्वरूपात जमिनीत पडलेलं नसतं, हे मान्य. काँगोतल्या कामोआ-काकुलासारख्या खाणीत शंभर किलो दगडात पाचेक किलो तांबं सापडतं, आणि ती जगातल्या श्रीमंत खाणींत मोडते. पट्ट्याची सरासरी तीन टक्के धरली तर ४० लाख टन तांब्यासाठी तेराएक कोटी टन खडक फोडावा लागेल. वरची माती-मुरूम वेगळीच. तानसात पाणी किती मावतं? साडेचौदा कोटी टन. म्हणजे दोन देशांचा वर्षभराचा खनिज-दगड तानसाच्या खड्ड्यात ओतला तर, निव्वळ वजनाने, तलाव काठाला टेकत आला असं म्हणता येईल. अशा ताळ्यावर येऊन थांबणाऱ्या बेरजा मला संशयास्पद वाटतात. ही मी तीनदा केली.

आता गोव्याकडे एक फेरी. गोव्याच्या खनिजाचा सुवर्णकाळ म्हणजे २०१०-११. वर्षाला पाच कोटी टनांवर लोहखनिज बोटींत चढत होतं. कुडचडे-सावर्ड्याच्या रस्त्यांवर ट्रकांच्या धुळीने झाडं तांबडी झाली होती. २०१२ मध्ये सगळं थांबलं. ती पाच कोटी टन माती म्हणजे मुंबईचं तेरा दिवसांचं पाणी. आणि अख्ख्या देशाचा कोळसा? २०२४-२५ मध्ये भारताने पहिल्यांदा वर्षाला शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला, मोठा गाजावाजा झाला. मुंबई वर्षाला १४० कोटी टन पाणी ओढते. कोळशासाठी झारखंडपासून चंद्रपूरपर्यंत लाखो माणसं आणि रेल्वेच्या वाघिणींचे कितीतरी ताफे राबतात. तानसा-वैतरणेच्या पाण्याला उतार पुरतो.

इथवर शहापूरच जिंकतंय. पण वजनाने जिंकणं सोपं असतं. काटा बदलून बघू.

तांबं लंडनच्या धातूबाजारात २०२४ साली टनाला सरासरी नऊ हजार डॉलरच्या आसपास विकलं गेलं. किलोला साडेसातशे रुपये. दोन्ही देशांच्या तांब्याचे मिळून साधारण ३५ अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ ३ लाख कोटी रुपये. पाण्याचा दर कोण ठरवतं? मुंबई महानगरपालिका. २०२२च्या सुधारणेनुसार इमारतीतल्या घराला हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे. सगळंच पाणी या दराने गेलं असं समजलं तर दिवसाचे अडीच कोटी, वर्षाचे नऊशे कोटींच्या आत. तीन लाख कोटी आणि नऊशे कोटी! तांब्याच्या ढिगाला लागलं वर्ष, पाण्याच्या ढिगाला एक दिवस. पण पाण्याचे ३६५ ढीग घातले तरी पारडं तांब्याच्या तीनशेतिसाव्या हिश्शावर.

याचं सगळ्यात नेटकं उदाहरण आपल्या भाषेतच आहे. आपण पाणी प्यायच्या भांड्याला ‘तांब्या’ म्हणतो, स्टीलचा असला तरी. अर्ध्या किलोचा खराखुरा तांब्याचा तांब्या घेतला तर त्यातल्या धातूचेच पावणेचारशे रुपये होतात. त्यात लिटरभर पाणी बसतं. त्या पाण्याची पालिकेच्या दराने किंमत पाऊण पैशाच्याही आत. पैसाच चलनातून गेल्यामुळे ती द्यायची कशी, हा प्रश्नच उरत नाही.

पण थांबा. त्याच पालिकेच्या दरपत्रकात खाली उतरत गेलं तर दर चढत जातात. व्यापारी जोडणीला ४७ रुपये, उद्योगांना ६३, तारांकित हॉटेलं आणि रेसकोर्सला ९५ आणि बाटलीबंद पाणी भरणाऱ्यांना १३२ रुपये ६४ पैसे. तेही हजार लिटरलाच. म्हणजे बाटलीवाल्याला लिटर तेरा पैशांना पडतं. २०२४ साली बाटली आपल्या हातात यायची वीस रुपयांना. आता गंमत म्हणून मुंबईचं सगळं पाणी त्या बाटलीच्या भावाने लावा: दिवसाचे ७,७०० कोटी रुपये, वर्षाचे २८ लाख कोटी. काँगो आणि झांबियाच्या तांब्याच्या नऊपट! पाणी तेच, तलाव तोच. एका दराने ते तांब्यापुढे धूळ, दुसऱ्या दराने दोन देशांच्या खाणी त्याच्यापुढे किरकोळ. या दोन दरांच्या मध्ये प्लास्टिकचं एक झाकण आहे.

म्हणून ‘अमुक देशाचं खनिज उत्पादन इतक्या अब्जांचं’ असं वाक्य वाचलं की मी आता आधी विचारतो, कुठल्या खिडकीवरचा भाव? तांब्याचा भाव कोल्वेझीत ठरत नाही, लंडनला ठरतो. काँगोच्या २०१८च्या खाण कायद्याने तांब्यावरचं स्वामित्वधन साडेतीन टक्के ठेवलं. कोबाल्टवर, जो जगाला लागणाऱ्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक त्या एका देशातून येतो, दहा टक्के. तेवढ्यावरून कंपन्यांनी केवढा आरडाओरडा केला! झांबियाच्या कोंकोला खाणीत तर आपल्या वेदांता कंपनीने २००४ साली अडीच कोटी डॉलरमध्ये ५१ टक्के हिस्सा उचलला होता. गोव्याची खाण कंपनी सेसाही पुढे त्यांच्याचकडे आली.

दोन्ही देशांच्या आलेखांत मात्र एक विलक्षण गोष्ट आहे. झांबियाने १९६९च्या सुमारास वर्षाला सात लाख टनांवर तांबं काढलं होतं. पंचावन्न वर्षांनी आकडा घरंगळत, चढत, परत तिथेच. काँगो १९८०च्या दशकात पाच लाखांच्या जवळ होता, १९९०च्या दशकात पन्नास हजारांच्याही खाली कोसळला आणि पुढे तिथून साठपटीहून जास्त उसळला. एकाच खडकाच्या दोन बाजू! झांबियाने आता तीस लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय.

आणि तिथे पाणी आडवं आलं, हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. झांबियाची वीज मुख्यतः धरणांची. करिबा हा माणसाने अडवलेला जगातला सर्वांत मोठ्या साठ्याचा जलाशय: १८० घन किलोमीटर. यात किती तानसा? बाराशे चाळीस. मुंबईचे सातही तलाव सव्वाशे वेळा. २०२४च्या दुष्काळात या एवढ्या अवाढव्य तलावाचा वापरण्याजोगा साठा तळाला गेला, राजधानी लुसाकातल्या घरांना दिवसातले थोडेच तास वीज मिळू लागली आणि खाणींना बाहेरून वीज विकत घेण्याची वेळ आली. जगभरच्या तारांसाठी तांबं देणारा देश तारेत वीज नाही म्हणून बसला. काँगोत तर पाचांतल्या एखाद्याच माणसाच्या घरात वीज आहे.

तानसाकाठच्या माणसाला हे काही नवीन वाटणार नाही.

तानसाची भिंत १८९२ साली पुरी झाली. पावणेतीन किलोमीटरहून लांब, दगडी. १८७०च्या दशकात मेजर हेक्टर टुलॉक यांनी ही जागा सुचवली होती, काम १८८६मध्ये सुरू झालं, उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते. बोरीबंदरासमोरची पालिकेची ती देखणी इमारत पुरी झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १८९३मध्ये. आधी पाणी, मग कचेरी. हा क्रम मला आवडतो. त्याच पालिकेचं २०२४-२५चं अंदाजपत्रक होतं ५९,९५४ कोटी ७५ लाखांचं. झांबिया देशाचं २०२४चं होतं १७७.९ अब्ज क्वाचाचं, त्या वर्षाच्या सरासरी विनिमयदराने साधारण ५७ हजार कोटी रुपये. दोन कोटी माणसांचा, खाणींवर जगणारा एक सार्वभौम देश आणि आपली बृहन्मुंबई, खर्चाच्या वहीत खांद्याला खांदा लावून उभे.

तानसाच्या भोवती अभयारण्य आहे, ३२० चौरस किलोमीटरचं. या भागात वर्षाला अडीचएक मीटर पाऊस पडतो. नुसत्या अभयारण्यावर पडलेला पाऊस मोजला तर आठ लाख दशलक्ष लिटर, तानसा साडेपाच वेळा भरून जाईल एवढा. मग फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवर टँकर का? खाली काळा कातळ आहे, पाणी मुरत नाही. उतार तीव्र, माती पातळ; चार महिन्यांत आलेलं चार महिन्यांतच निघून जातं. जे अडतं ते दरीच्या तळाशी, आणि पाडे वरच्या अंगाला. धरण दिसतं खाली, हंडा भरायचा वर. तलावाचं पाणी पाड्यावर चढवायचं तर पंप, वीज, बिल; म्हणून घाटमाथ्यावरच्या भावली धरणातून उताराने पाणी खाली आणायची योजना आखली गेली. शेजारच्या मुरबाडची तऱ्हा निराळी नाही. तिथे बारवी आहे, एमआयडीसीचं. उंची वाढवल्यावर ३३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दोन तानसा आणि वर तिसऱ्याचा तिसरा हिस्सा. ते कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगरकडे जातं. मुंबईचं नसल्यामुळे वर्तमानपत्राच्या चौकटीत त्याचं नावही नसतं.

आता आजींचा हिशेब. २०११च्या जनगणनेत शहापूर तालुक्यात ३ लाख १४ हजार माणसं होती. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. चार हंडेही होत नाहीत. सगळ्या तालुक्याला तेवढं द्यायचं तर दिवसाला सव्वासतरा दशलक्ष लिटर. मुंबईच्या ३,८५० मधले सव्वासतरा. अर्धा टक्काही नाही. मुंबईत गळती आणि चोरीत जो चौथा हिस्सा, किंवा त्याहूनही जास्त, नाहीसा होतो, त्या नुसत्या चौथ्या हिश्शात असे पंचावन्न शहापूर तालुके पाणी पितील.

मिनिटांत सांगायचं तर साडेसहा. मुंबईकडे जाणारा प्रवाह साडेसहा मिनिटांत जेवढं नेतो, तेवढं अख्ख्या तालुक्याला दिवसभर पुरतं.

त्या दिवशी परतताना मी खर्डीहून निघायचा बेत बदलला आणि आधी शहापुरात एक काम उरकून आसनगावला आलो. तिथून उलट कसाऱ्याकडे जाणारी लोकल घेतली, मुद्दाम. फलाटावर वीस रुपयांची बाटली घेतली होती, निम्मी संपली होती. गाडी हलली तेव्हा घड्याळ पाहिलं. डाव्या हाताला माहुलीचे सुळके उन्हात पांढुरके झालेले, वावरं उजाड, एका बांधावरून दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या. एक मिनिट म्हणजे २७ लाख लिटर. तीन मिनिटं, ऐंशी लाख. पाच. समोरच्या बाकावरचा मुलगा मोबाइलवर रील पाहत होता. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा मिनिटं भरली. आटगाव अजून आलं नव्हतं.